मागच्या दारानं: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

कामाला आज रीतसर सुरुवात: या जुन्या इस्टेटीच्या मोठ्या घराशी जोडलेल्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, म्हणजे मौखिक इतिहास. विश्वस्तांकडून मुलाखतींसाठी १७ नावांची यादी आली. टाइप केलेली, पदव्यांसकट. १४ नावं मालकांच्या नातलगांची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांची, दोन वकील, एक डॉक्टर. ज्यांनी या घरात झाडलं-पुसलं, बाग शिंपली, घोड्यांना खरारा केला, त्यांतलं एकही नाव नाही. मंजुरीपत्रात मात्र ‘इस्टेटीभोवतीच्या समाजाच्या आठवणी’ असं लिहिलंय.

नवल वाटायचं कारण नाही. अमेरिकी इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं काम मांडलं, तेव्हा तिथेही आधी बड्या मंडळींनाच बोलतं केलं होतं. सुरुवातीच्या काळात तर शब्दांकन झालं की टेप पुसून पुन्हा वापरायचे. कागद राहिला, आवाज गेला.

यादीच्या पाठीमागे पेन्सिलनं लिहिलं: हजेरीपुस्तकं बघणे. दुपारभर तेच केलं. मालकांच्या पाहुण्यांची पूर्ण नावं वहीत आहेत, त्यांच्या कुत्र्यांचीही आहेत. कामाच्या माणसांची नुसती पहिली नावं आणि पुढे हुद्दा. एवढ्या धाग्यावर माणसं शोधायची आहेत.

९ जानेवारी

ठरलं: या नोंदींमध्ये निवेदकांचे, म्हणजे आठवणी सांगणाऱ्यांचे, फक्त क्रमांक येतील. नावं-पत्ते वेगळ्या वहीत, कुलपात.

संमतीपत्राचा मसुदा तिसऱ्यांदा फाडला. वकिली भाषा वाचून कोणीही घाबरेल. नवा मसुदा एका पानाचा: तुमचा आवाज आम्ही जपू, कुठे ऐकवायचा ते तुम्ही ठरवा, नंतर मत बदललं तर कळवा, आम्ही थांबू. शेवटचं वाक्य कार्यालयाला पटलं नाही. ‘मग मेहनत वाया जाईल.’ जाऊ दे.

१४ जानेवारी

यंत्रं आली. एक रेकॉर्डर, दोन कॉलर माइक, एक टेबलावरचा. ध्वनी अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी आहे, तेच ठेवलंय. एका माइकचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण ५२० मेगाबाइट होतं, दोन माइक म्हणजे गिगाबाइटच्या थोडं वर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत इमारतीबाहेर. सहकाऱ्यानं विचारलं, एमपीथ्री का नको, छोटी पडते. लोकांना पाठवायला जरूर करू. मूळ प्रत मात्र दाबून-चेपून ठेवायची नाही.

२० जानेवारी

पहिली मुलाखत. निवेदक ४. वय ८० च्या पुढे, १९ वर्षं मोठ्या घरात वरकाम. मुलाखत दिवाणखान्यात घ्यावी असा कार्यालयाचा आग्रह. मागे तैलचित्र, फोटो चांगला येतो.

आजी आल्या, दारात थांबल्या, चपला काढल्या. मी म्हटलं, राहू द्या, रोज शेकडो लोक बूट घालून येतात. त्या हसल्या आणि अनवाणीच आत आल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या, अर्धं वजन पायांवर. नंतर कळलं, त्या खोलीत त्या १९ वर्षांत एकदाही बसल्या नव्हत्या. ती खुर्ची त्यांनी रोज पुसली होती.

५२ मिनिटं बोलल्या. मालक देवमाणूस. बाईसाहेब आईसारख्या. कधी काही कमी पडू दिलं नाही. आम्ही घरच्यासारखेच होतो. मी मान डोलावत होते. शेवटी कार्यालयातले एक गृहस्थ डोकावून ‘फारच छान’ म्हणून गेले. ते मालकांच्याच घराण्यातले, हे मला ठाऊक होतं आणि आजींनाही.

२३ जानेवारी

टेप ऐकली. एक तर भिंतीवरच्या घड्याळाची टकटक प्रत्येक वाक्यात शिरलीय. ते आपण थांबवलं नव्हतं. पण खरी अडचण माझ्या आवाजाची. कागद घेऊन मोजलं: १४ वेळा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ‘हो हो’ म्हटलंय. एकदा विचारलंय, ‘म्हणजे तुम्हाला इथं आवडायचं, ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर कोण देईल, तेही मालकांच्या चित्राखाली बसून?

जुना दाखला आठवला. अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखक प्रकल्पानं पूर्वी गुलामीत राहिलेल्या माणसांच्या २३०० हून अधिक आठवणी टिपल्या. विचारणारे बहुतेक गोरे. चार्ल्सटनमध्ये १९३७ साली शंभरी गाठलेल्या सुसान हॅमलिन नावाच्या बाईंकडे एक गोऱ्या बाई गेल्या. सुसानबाईंचा समज झाला की या मदतकचेरीतून आल्या असाव्यात. त्यांनी आपला मालक कसा भला होता ते सांगितलं. मग त्यांच्याकडे एक कृष्णवर्णीय मुलाखतकार गेला. त्याला त्यांनी फटक्यांचं सांगितलं, पोरं विकली जाताना आयांनी फोडलेल्या हंबरड्याचं सांगितलं. बाई त्याच, शहर तेच, साल तेच.

त्या पहिल्यांदा खोटं बोलल्या असं म्हणणं सोपं आहे. समोर कोण बसलंय ते ओळखून त्या बोलल्या. आजीही तेच करत होत्या आणि त्यात त्या माझ्यापेक्षा फार मुरलेल्या आहेत.

५२ मिनिटांची टेप ठेवायची. टिपणात लिहिलं: स्थळ, दिवाणखाना, दार उघडं, मध्ये एक व्यक्ती येऊन गेली. हे लिहिल्याशिवाय ती टेप कोणाला ऐकायला देऊ नये.

२९ जानेवारी

आजींच्या घरी गेले, रेकॉर्डर न घेता. दीड तास बसले. मुलाखतीचा विषय मी काढला नाही. निघताना त्याच म्हणाल्या, ‘त्या मागच्या बोळात अजून घंटा आहेत का गं?’

आहेत, म्हटलं.

‘मग तिथं बोलू.’

४ फेब्रुवारी

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवते.

मागचा बोळ म्हणजे मोठ्या घराचं स्वयंपाकघर आणि चाकरांच्या खोल्या यांमधली चिंचोळी वाट. शेजारच्या खोलीत कर्मचाऱ्यांचा फ्रिज आहे, त्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो बंद केला. स्वयंसेवक मुलीनं स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. मी बघतच राहिले. म्हणाली, ‘आता फ्रिज चालू केल्याशिवाय मी घरी जाऊ शकत नाही.’ हे शहाणपण तिनं कुठून आणलं कोणास ठाऊक. आजपासून प्रकल्पाचा नियम. बोलणं सुरू होण्याआधी मिनिटभर नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड केली, पुढे संपादनाला लागते.

भिंतीवर लाकडी फळी, तिच्यावर ११ घंटा ओळीनं. प्रत्येक घंटा गुंडाळलेल्या पोलादी पट्टीवर बसवलेली, खाली छोटा लंबक. वरच्या खोलीत कोणी दोरी ओढली की तार भिंतीतून, कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या खिट्यांवरून वळत खाली येते आणि घंटा वाजते. आवाज थांबला तरी लंबक काही वेळ हलत राहतो, म्हणजे उशिरा धावत आलेल्यालाही कळावं की बोलावणं कुठल्या खोलीचं. आमच्या माहितीफलकावर एवढंच आहे. ‘कल्पक संपर्क यंत्रणा’.

आजी फळीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, वाजव. तीनच तारा शाबूत आहेत, त्या मी एकेक करून ओढल्या.

‘ही अभ्यासिका. ही पाहुण्यांची खोली. तिचा सूर जरा फुटका, पडली होती एकदा. आणि ही...’ तिसरीचा आवाजच आला नाही, नुसता ठप्प. आजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. ‘ही बाळंतिणीची. अजून तसंच आहे का ते फडकं?’

त्या घंटेच्या पोटात कापडाचा बोळा आहे. गेल्या वर्षीच्या संवर्धन अहवालात त्याची नोंद आहे: ‘परकीय वस्तू, मळकट कापड, काढून टाकणे.’ पैसे मंजूर न झाल्यानं तो राहून गेला.

‘ते मी कोंबलेलं,’ आजी म्हणाल्या.

त्यांची खोली या बोळाला लागून होती. त्यांचा मुलगा तापानं फणफणला होता. वर नवं बाळ, रात्रीतून पाच-सहा वेळा घंटा. खाली हे पोर दचकून उठायचं, रडायचं, आणि त्याचं रडणं वर ऐकू जाता कामा नये. म्हणून त्यांनी लुगड्याची चिंधी घंटेत कोंबली. पण घंटा वाजली नाही तर बोलावलेलं कळणार कसं? तर दाराच्या फटीतून लंबकाकडे बघत बसायचं. दिवा बारीक करून, पोराला मांडीवर घेऊन, नजर त्या लंबकावर. डुगडुगला की पोराला खाली ठेवायचं आणि जिना चढायचा.

मी विचारलं, ‘किती रात्री?’

त्या काही बोलल्या नाहीत. यावेळी मीही काही बोलले नाही. ओठ दातांत धरून बसले. रेकॉर्डरवरचे आकडे पुढे सरकत होते, ४० सेकंद होऊन गेले. मग त्या म्हणाल्या, ‘दिवा घासलेटचा होता. बाईसाहेब म्हणाल्या, तेल फार लागतंय हल्ली.’ आणि विषय बदलला.

संध्याकाळी संवर्धन विभागाला चिठ्ठी: फडक्याला हात लावू नये. कारण नंतर कळवते.

११ फेब्रुवारी

निवेदक ६, ७. बागकाम आणि तबेला. सातवे काका सबंध वेळ घोड्यांबद्दलच बोलले, माणसांबद्दल अवाक्षर नाही. छान बोलले. पुन्हा जायला हवं.

१७ फेब्रुवारी

शब्दांकन रखडलंय. हातानं करायचं तर तासाच्या टेपला पाच-सहा तास लागतात, दोघं एकदम बोलत असतील तर जास्तच. म्हणून सहकाऱ्यानं आपोआप शब्दांकन करणारी प्रणाली चालवून पाहिली. साध्या बोलण्याला बऱ्यापैकी चालते, बोलीतले शब्द प्रमाण करून टाकते. ‘फडकं’चं ‘फडके’ झालं आणि एका जागी तर ते आडनाव म्हणून आलं. हसलो.

मग ४ फेब्रुवारीची टेप तपासली. ‘किती रात्री?’ या माझ्या प्रश्नानंतर आजींच्या नावापुढे यंत्रानं लिहिलं होतं: ‘व्हिडिओ पाहिल्याबद्दल धन्यवाद.’

या प्रणाली शांतता आली की कधीकधी असं मनचं भरतात, हे वाचून माहीत होतं. समोर बघितल्यावर मात्र वेगळंच वाटलं. यंत्र वापरू, पण प्रत्येक ओळ कान लावून तपासल्याशिवाय एकही कागद पुढे जाणार नाही. त्या जागी आता कंसात लिहिलंय: ४३ सेकंद शांतता. कंस माझा आहे, हेही लिहिलंय.

२५ फेब्रुवारी

विश्वस्तांची बैठक. ‘आपण वास्तूचा गौरव करतो आहोत की चौकशी?’ असा प्रश्न आला. मी दोन उदाहरणं नेली होती.

एक वेल्समधलं एर्डिग. तिथल्या यॉर्क घराण्यानं १८ व्या शतकापासून आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली, वर त्यांच्यावर पद्यं रचली. १९७३ मध्ये ते घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आलं आणि पुढे लोकांसाठी उघडलं, तेव्हा येणाऱ्यांना आधी मागच्या आवारातून, कामाच्या खोल्यांतून नेण्याची पद्धत पडली. दुसरं व्हर्जिनियातलं माँटिचेलो, अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं घर. तिथे १९९३ पासून इस्टेटीवर गुलामीत राहिलेल्या कुटुंबांच्या वंशजांच्या मुलाखती घेतल्या जातात. त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या गोष्टी आता संग्रहालयाच्या मांडणीचा भाग आहेत. यांपैकी कुठलंही घर कोसळलं नाही.

एर्डिगचं उदाहरण सगळ्यांना फार आवडलं. जरा जास्तच. चित्रं नोकरांची असली तरी पद्यं मालकांनीच लिहिलेली, हे मी सांगेपर्यंत पुढचा विषय निघाला होता.

निघाला तो पार्किंगचा. ५० मिनिटं.

६ मार्च

सालाचा घोळ. तबेल्याला आग लागली ते साल निवेदक २, ७ आणि ९ तिघंही एकच सांगतात: मागच्या खोल्या रिकाम्या करायला लावल्या ते वर्ष. नववे काका तर म्हणाले, ‘घोडे बाहेर काढले आणि त्याच महिन्यात आम्हाला.’ इस्टेटीच्या वहीत आग त्याच्या सहा वर्षं आधीची. वही चोख आहे, विम्याचा पत्रव्यवहार जोडलेला आहे.

सहकारी म्हणाला, चूक आहे, तळटीप देऊ. मी म्हटलं, थांब. इटलीत तेर्नी गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा पोलाद कारखान्यातला तरुण कामगार पोलिसांच्या गोळीबारात मेला. नाटोविरोधी निदर्शनं चालू होती, साल १९४९. पुढे मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी गावकऱ्यांना बोलतं केलं तर अनेकांनी तो मृत्यू १९५३ मध्ये, कामगार कपातीविरुद्धच्या दंगलीत नेऊन ठेवला होता. चार वर्षं सरकवलेला. पोर्तेल्लींनी ती चूक खोडली नाही, तिच्यावरच काम केलं. अख्ख्या गावाला तो मृत्यू कुठे असायला हवा होता, ते त्या चुकीत दिसत होतं.

तर आमच्याकडे: आगीचं साल वहीचं. तिघांचं म्हणणं तसंच्या तसं, शेजारी. माझा अंदाज असा की आगीत माणसांनी घोडे वाचवले याची आठवण आणि नंतर त्याच माणसांना घालवलं याची आठवण वेगळी ठेवणं त्यांना जमत नाही. पण हा अंदाज माझा. तो फलकावर जाणार नाही.

१९ मार्च

आजींच्या नातवाचा फोन. घंटेचं सगळं बोलणं बाहेर काढू नका, आजीला झोप लागत नाही. आजींशीही बोलले. त्या म्हणाल्या, ‘फडक्याचं सांग. पोराचं नको.’

टेपची ती ११ मिनिटं पाकिटात बंद करायची. कार्यालयात कुरकुर: प्रदर्शनातला तोच तर सर्वांत चांगला भाग! मी संमतीपत्र पुढे ठेवलं. (या वहीतल्या ४ फेब्रुवारीच्या नोंदीचाही तेवढा मजकूर त्याच पाकिटात जाईल, नंतर प्रत काढताना विसरू नये.)

वचन देताना तोलून द्यावं, हे अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजच्या बेलफास्ट प्रकल्पानं सगळ्यांना शिकवलं. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांतल्या माजी लोकांच्या मुलाखती, २००१ ते २००६. तुम्ही हयात असेपर्यंत कोणाला ऐकवणार नाही, असा शब्द दिला होता. २०११ मध्ये ब्रिटिश तपासयंत्रणेसाठी अमेरिकी न्यायालयातून समन्स आलं आणि काही टेपा द्याव्या लागल्या. आमच्या आठवणी त्या तोडीच्या स्फोटक नाहीत, पण संमतीपत्रात एक ओळ वाढवली: ‘न्यायालयानं मागितलं तर आम्ही नाही म्हणू शकणार नाही.’ दोन निवेदकांनी ती वाचून काही वाक्यं गाळायला सांगितली. बरं झालं, आधी सांगितलं.

२ एप्रिल

माळ्यावर कॅसेटचा खोका सापडला. काही दशकांपूर्वी कोणी तरी मालकांच्या घरच्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. नऊ कॅसेट, सगळ्या ६० मिनिटांच्या. पुसल्या जाऊ नयेत म्हणून पाठीवरचे प्लॅस्टिकचे दात मोडलेले. ज्यानं केलं तो जाणता होता. दोन कॅसेटमधली स्पंजची गादी गळून पडलीय, फीत नव्या कवचात घालावी लागेल. घाईत वाजवून पाहायची नाही, हे सहकाऱ्याला दोनदा सांगितलं, कारण तो बोट बटणावर ठेवूनच उभा होता.

९ एप्रिल

कॅसेट ३ उतरवली. बाईसाहेबांची मुलाखत, दिवाणखान्यात. घड्याळाची टकटक इथेही आहे, तीच. पहिली बाजू ३० मिनिटांना ‘आणि मग त्या रात्री’ इथे कट्कन संपते. दुसरी बाजू गुलाबांवर सुरू होते. त्या रात्री काय झालं ते गेलं.

१७ व्या मिनिटाला पावलं ऐकू येतात. अनवाणी. कपबशांची किणकिण. बाईसाहेब बोलायचं न थांबवता मध्येच म्हणतात, ‘ठेव तिथे.’ पावलं परत जातात, दाराशी फरशी वाजते. एकूण २२ सेकंद. जुन्या सूचीत या कॅसेटपुढे लिहिलंय: सहभागी, १.

१२ एप्रिल

आजींना विचारलं, ऐकणार का. म्हणाल्या, लाव. हेडफोन नको म्हणाल्या, कानात कोणी बोलल्यासारखं वाटतं. स्पीकरवर लावलं. माझ्या मनात पक्कं होतं की पावलं आजींचीच. मनातल्या मनात मी फलकाचा मजकूरही लिहून टाकला होता.

त्यांनी तीनदा ऐकलं. मग मान हलवली.

‘मी नव्हे. माझ्यानंतरची. डावा पाय घासतोय बघ. लहानपणी मोडला होता तिचा.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘आणि कपबशी अशी वाजवली असती तर मला बोलणी बसली असती. हिला धाक नव्हता.’ हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता.

ती कुठे असते, तेही त्यांना ठाऊक होतं. दोघींचं अधूनमधून बोलणं होतं.

१३ एप्रिल

कॅसेट ३, सूचीतली दुरुस्ती. सहभागी: २. दुसरी व्यक्ती, १७ व्या मिनिटापासून २२ सेकंद, आवाज नाही, पावलं आणि कपबशा. ओळख निवेदक ४ यांच्याकडून. खातरजमा आणि संमती बाकी.

निवेदक १२ म्हणून क्रमांक राखून ठेवला. सोमवारी आजी बरोबर येणार आहेत. रेकॉर्डर नेणार नाही.